तुळशीवरची कातीण



चातुर्मास्य सुरू झाले की गावोगावी पोथ्या सुटतात. कोठे ज्ञानेश्वरी लागते, कोठे नाथांचे एकादश स्कंधावरील भागवत लागते. नाथबाबांनी हा ग्रंथ काशीस शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली पुरा केला. त्यात यदुराजा व अवधूत यांचा संवाद येतो, आणि अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश, समुद्र, मधमाशी, हत्ती, टिटवी, कुमारी, सर्प असे करीत करीत शेवटी शेवटी एक फार लहान गुरू येतो. तो म्हणजे कोळी. संस्कृतात त्याला ऊर्णनाभ म्हणतात. जुन्या मराठीत कातीण असाही शब्द आहे. सूत कातते ती कातीण. आणि मासे धरणाराही कोळी व माशा धरणाराही कोळी, कारण दोघांच्याही हाती जाळे!

पोथीत हा गुरू आला की मंडळी माना डोलावतात. वाचक थांबतो, अर्थ सांगतो, कोणी तरी ‘वा!’ म्हणते. पोथी मिटते, आरती होते, मंडळी घरी जातात. आणि सकाळी अंगण झाडताना तोच गुरू तुळशीवर बसलेला दिसला की केरसुणीचा एक फटका! गुरू खाली आणि वर चप्पल. आम्हांस विचाराल तर हे केवळ दयेचे प्रकरण नाही. यात श्रवणाचेही प्रकरण आहे. ज्याची कथा आम्ही इतक्या भक्तीने ऐकतो, तो समोर बसला असता आम्ही त्याला ओळखत नाही. म्हणून या महिन्यात ओव्यांचा विचार बाजूला ठेवून त्या तुळशीवरच्या जीवाकडेच वळावे असे योजिले आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. मागे एका गावी सप्ताहात कीर्तन चालले होते. कीर्तनकार चांगले व्युत्पन्न होते, आवाज खणखणीत. संसाराचे वर्णन करता करता त्यांनी दृष्टांत दिला : “जसा कोळी आपणच जाळे विणतो आणि आपणच त्यात गुरफटून मरतो, तसा हा जीव!” टाळ वाजले. कीर्तन संपल्यावर पाया पडायला रांग लागली, तेव्हा एक पंचाहत्तरीच्या आजी पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बुवा, एक इचारू का? माझ्या परड्यात तुळशीवर कातीण बसती. ल्हानपणापासनं बघत आले. जाळ्यात माशी अडकती, टोळ अडकतो. पर ती सोता अडकलेली म्या कवा न्हाई बघितली.” बुवा हसले व म्हणाले, “आजी, तो दृष्टांत आहे.” आजींनी नमस्कार केला आणि त्या गेल्या.

आता सांगा, यात खरे कोण बोलले? आमच्या मते आजी. ‘तो दृष्टांत आहे’ एवढे म्हणून सुटका होत नाही. दृष्टांत म्हणजे ज्याचा अंत, म्हणजे निश्चय, दृष्ट आहे तो, डोळ्यांनी पाहिलेला. न पाहिलेले सांगितले तर त्याला दृष्टांत कसे म्हणावे? आणि हा दृष्टांत नुसता चुकीचाच नाही. तो सिद्धांताच्या मुळावर कसा येतो हे पुढे दिसेलच. आधी ती कातीण पाहू.

आपल्याकडे पावसाळ्यात व पावसाळा सरल्यावर तुळस, जास्वंद, कोरांटी अशा झुडपांत जी उभी, गोल, चाकासारखी जाळी दिसतात, त्यांतील एक ओळखायला सर्वांत सोपी. जाळ्याच्या मध्यभागी पांढऱ्याशुभ्र, जाड, नागमोडी धाग्याच्या पट्ट्या असतात. चारही पट्ट्या असल्या तर गुणाकाराची फुली काढल्यासारखी आकृती दिसते. कधी दोनच असतात, कधी एक, कधी मुळीच नसते. त्या फुलीवर कोळी डोके खाली करून बसलेला असतो आणि आपले आठ पाय दोन-दोन जोडून फुलीच्या चार रेघांवर नेमके ठेवतो. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटते, याला पाय चारच आहेत! पोट पाच कोनांचे, त्यावर पिवळट, पांढरट आणि तपकिरी आडवे पट्टे. डोक्याकडच्या भागावर चंदेरी लव. मोठी दिसते ती मादी, आणि तीही केवढी? ८ ते १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. नर तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, जाळ्याच्या कडेला भीत भीत उभा. जाळ्यात बसलेली दिसते ती बहुतेक वेळा मादीच. तेव्हा ‘कोळी’पेक्षा ‘कातीण’ हाच शब्द येथे जास्त शोभतो.

इंग्रजीत हिला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात, म्हणजे सही करणारी कोळीण. जाळ्यावरची ती फुली म्हणजे जणू तिची सही. शास्त्रीय नाव अर्जिओपे अनसुजा. थोरेल नावाच्या स्वीडिश पंडिताने १८८७ साली हे नाव दिले. ‘अनसुजा’ हा शब्द वाचताच आम्हांस अत्रिपत्नी अनसूयामाता आठवली. आणि जिच्या पोटी दत्तात्रेय अवतरले तिचे नाव चोवीस गुरूंतल्या गुरूच्या नावाशी जुळावे, हा योग मोठा गोड वाटला. असो. ही कातीण भारतात सर्वत्र आढळते. श्रीलंकेत व पाकिस्तानातही आहे.

कोणी म्हणेल, ही सही कशासाठी? अभ्यासकांत याबद्दल मोठा वाद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. काही म्हणतात, त्या पांढऱ्या पट्ट्यांवरून सूर्याचे जे अतिनील किरण परततात ते कीटकांच्या डोळ्यांना दिसतात व फुलाच्या भ्रमाने ते ओढले जातात. काही म्हणतात, पाखरांना जाळे दिसावे आणि त्यांनी उडता उडता ते फाडू नये म्हणून ही खूण. काही म्हणतात, कोळ्याचे शरीर लपावे म्हणून. नखाएवढ्या जीवाच्या सहीचा अर्थ मोठमोठ्या विद्वानांस शंभराहून अधिक वर्षे लागत नाही, ही गोष्ट आम्हांस फार आवडते!

कोळी हा कीटक नव्हे, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे. कीटकाला पाय सहा, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे भाग तीन, कोळ्याचे दोन. कीटकाला मिशा असतात, कोळ्याला नाहीत. या कातिणीला डोळे आठ आहेत, पण दृष्टी अधू. तिचे सारे ज्ञान पायांत. जाळ्याच्या धाग्याला कोठे किती हिसका बसला यावरून ती जाणते की पडले ते पान, की आली ती माशी, की वारा.

आता जाळे कसे होते ते ऐका. पोटाच्या शेवटी बारीक उंचवटे असतात, त्यांतून सूत निघते. पोटात असताना ते पातळ रसासारखे असते, आणि बाहेर ओढले जाता जाताच घट्ट होते. म्हणजे ऊर्णनाभ हे नाव अगदी यथार्थ : ज्याच्या नाभीशी सूत आहे तो. बहुधा पहाटेच्या अंधारात ती कामाला लागते. प्रथम एक धागा वाऱ्यावर सोडते. तो पलीकडच्या फांदीला लागला की पूल झाला. मग चौकट, मग मध्यापासून कडेपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखे धागे. इतके सगळे सूत कोरडे. त्यावर कोरड्या सुताचेच एक विरळ वेटोळे घालते. ते कशासाठी? गवंडी भिंत बांधताना परांची बांधतो ना, त्यासाठी. त्या परांचीवरून चालत ती कडेकडून आत येते आणि खरे वेटोळे घालते. यावर डिंकाचे बारीक बारीक थेंब असतात. आणि येता येता परांचीचा धागा तोडीत येते. साधारण तासाभरात सारे काम आटोपते. ना मापाची दोरी, ना ओळंबा.

म्हणजे पाहा, एका जाळ्यात दोन जातींचे सूत आहे : एक चिकट, एक कोरडे. माशीला भेद ठाऊक नाही, ती चिकटते. कातिणीला ठाऊक आहे. ती कोरड्या आऱ्यांवरून फिरते. चिकट धाग्याला पाय लावावाच लागला तर नखाच्या टोकाने, अगदी बेताने लावते. शिवाय पायांवर बारीक लव व तेलकट लेप असल्यामुळे डिंक धरत नाही. आजींनी जे परड्यात उभे राहून पाहिले त्याचे कारण हे.

आणि पुढची गोष्ट तर याहून नवलाची. जाळे मळले, फाटले, डिंक सुकला की ती ते टाकून देत नाही. बहुतेक सूत गोळा करून खाऊन टाकते. ते पोटात जाते आणि त्याच द्रव्याचे पुन्हा नवे सूत होते. आज बाहेर, उद्या आत, परवा पुन्हा बाहेर.

हे वाचून ज्यांनी उपनिषदे श्रवण केली आहेत त्यांच्या मनात काही तरी चमकले असेल. मुंडकोपनिषदाच्या पहिल्या मुंडकातील पहिल्याच खंडात अक्षर ब्रह्मापासून विश्व कसे होते ते सांगताना तीन दृष्टांत दिले आहेत. त्यांतील पहिला या ऊर्णनाभाचा : तो जसा तंतू बाहेर सोडतो आणि आत घेतो तसे. दुसरा पृथ्वीतून उगवणाऱ्या वनस्पतींचा आणि तिसरा जिवंत पुरुषाच्या अंगावरील केसांचा. आता ‘बाहेर सोडतो’ हे कोणासही दिसेल. पण ‘आत घेतो’? त्यासाठी पहाटे उठून, जाळ्यासमोर उभे राहून, धीराने पाहिले पाहिजे. ज्या ऋषीने हे म्हटले त्याने ते पाहिले होते, निदान पाहणाऱ्याकडून ऐकले होते, याविषयी आम्हांस शंका नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील आचार्यांच्या भाष्यात तर पूर्वपक्षी शंका काढतो की कोळी लहान जीव खातो, त्यामुळे त्याची लाळ घट्ट होऊन तंतू बनतो. मग तो साधनावाचून निर्माण करतो असे कसे म्हणता? ती लाळ नव्हे हे खरे. पण खाल्लेल्या जीवांपासून रस, आणि रस घट्ट होऊन सूत, ही साखळी त्या जुन्या पंडितांच्याही ध्यानात आली होती! शंका काढायलाही पाहावे लागते, बरे का.

या दृष्टांताचे मर्म काय? कुंभार घट करतो, पण माती बाहेरून आणतो. करणारा वेगळा, द्रव्य वेगळे. कोष्टी वस्त्र विणतो, सूत बाजारातून आणतो. कोळ्याचे तसे नाही. करणाराही तोच आणि द्रव्यही त्याच्याच पोटातले. म्हणून परमात्म्याला ‘अभिन्ननिमित्तोपादान’ कारण म्हणताना शास्त्राने कुंभाराला बाजूला सारून कोळ्याला बोलाविले. भागवतातील अवधूतही तेच शिकतो : नारायण आपल्याच शक्तीने विश्व पसरतो, त्यात विहरतो आणि पुन्हा आपल्यात घेतो. विहरतो हा शब्द ध्यानात घ्या. अडकत नाही!

आता त्या कीर्तनातला दृष्टांत पुन्हा पाहा. शास्त्रात कोळी हा ईश्वराच्या जागी आहे. तो कोळी आपल्या जाळ्यात गुरफटून मरतो असे म्हटले, तर ईश्वरच आपल्या मायेत बद्ध झाला, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात जाऊन बसतो. मग भजायचे कोणाला? सोडविणाराच बांधला गेला तर बांधलेल्याने हाक कोणास मारावी? लहानशी चूक, पण भक्तीचा पायाच उखडते. आम्ही सिद्धांताच्या मुळावर येते म्हणालो ते याकरिता.

बरे, ही चूक आली कोठून? आपण विणलेल्यात आपणच अडकण्याचा दृष्टांत ग्रंथांतून आहे, पण तो कोळ्याचा नव्हे, रेशमाच्या किड्याचा. तो स्वतःभोवती कोसला विणतो आणि आत बंद होतो, आणि रेशीम काढणारा त्याला कोसल्यासकट उकळत्या पाण्यात टाकतो. विवेकचूडामणीत देहाला मी म्हणून जपणाऱ्या अज्ञ जीवास या कोसला करणाऱ्याचीच उपमा दिली आहे. दोघेही सूत काढणारे, म्हणून कोणी तरी एकाचे कर्म दुसऱ्याच्या माथी मारले आणि पुढे ते तोंडोतोंडी चालत राहिले. तेव्हा कीर्तनकार बंधूंस हात जोडून विनंती : जीवाचे बंधन सांगायचे असेल तर रेशमाचा किडा घ्या, ईश्वराची लीला सांगायची असेल तर कातीण घ्या. दोघांची अदलाबदल करू नका.

येथे एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, “अहो, पण कोळ्याला सूत काढायला माशा खाव्या लागतात. ईश्वराला काय खावे लागते?” शंका रास्त आहे. उत्तर असे की दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणजे मुखावर डाग आहेत असे नव्हे. जेवढ्या अंशासाठी दृष्टांत दिला तेवढा घ्यावा. परंतु त्या अंशात तरी तो खरा असावा, एवढेच आमचे म्हणणे.

यालाच लागून भ्रमर-कीटकाची गोष्ट येते. भागवतात कोळ्याच्या मागोमाग तोच गुरू आहे. भिंतीत कोंडलेला किडा भयाने भृंगाचे ध्यान करीत करीत भृंगच होतो, असे सांगतात. घरातल्या कोनाड्यात मातीचे घर करणारी कुंभारीण माशी सर्वांनी पाहिली असेल. तिचे ते मातीचे घर फोडून पाहिले तर आत काय असते? तिच्या जातीप्रमाणे कोठे अळ्या असतात, आणि कित्येकींच्या घरांत तर लहान लहान कोळीच भरलेले असतात. तिने नांगी मारून त्यांना लुळे केलेले असते, मेलेले नसतात. त्यांवर ती अंडे घालते, पिल्लू त्यांवर वाढते आणि माशी होऊन बाहेर पडते. किड्याची माशी झाली असे बाहेरून दिसते ते यामुळे. ध्यानाने ध्याता ध्येयरूप होतो, हा सिद्धांत संतांच्या अनुभवावर उभा आहे. त्याला मातीच्या घराचा टेकू नसला तरी तो पडत नाही. पण कातीण काय, माशी काय, आपापल्या जागी कोणी शिकारी तर कोणी शिकार आहेत, हे मात्र येथे उघड दिसते.

मग मूळ प्रश्न येतो, आणि तो बायामाणसे आम्हांस वारंवार विचारतात : “महाराज, ते सगळं खरं, पण चावलं म्हणजे?” विचारणे अगदी योग्य. घरात रांगती मुले असतात. तर सांगतो. कोळ्यांना थोडेबहुत विष असते, ते आपल्या भक्ष्यासाठी. ही कातीण माणसावर धावून येत नाही. बोट जवळ नेले तर ती आपले जाळे गदागदा हलविते. इतके की ती दिसेनाशी होते. किंवा धागा सोडून खाली उडी टाकते. मुठीत दाबली तर चावेलही, पण ते दुखणे थोड्या वेळाचे. माणसाला तिच्यापासून धोका नाही. सगळेच कोळी असे असतात असे आम्ही म्हणत नाही. सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणारे तळहाताएवढे केसाळ कोळी आहेत, त्यांचा चावा फार दुखतो. त्यांच्या वाटेस जाऊ नये. पण तो केसाळ कोळी चाकासारखे जाळे विणीत नाही आणि तुळशीवर फुली काढून बसत नाही.

दुसरा आरोप असा की अंगावर कोळी फिरला की फोड येतात. पावसाळ्यात सकाळी उठावे तो मानेवर, गालावर लाल चट्टा, आग, पाण्याचे फोड, आणि घरातील वडीलधारे म्हणतात, “कोळी फिरला.” बिचाऱ्या कोळ्यावर हा खोटा आळ आहे. पावसाळ्यात दिव्याच्या उजेडाला एक लांबट, मुंगीसारखा दिसणारा, केशरी आणि काळ्या रंगाचा किडा येतो. तो भुंग्याच्या कुळातला. तो चावतही नाही, डसतही नाही. पण अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातील रसाने कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून तो अंगावर बसला तर चिरडू नये, फुंकून टाकावा, आणि रस लागलाच तर साबण व पाण्याने धुवावे. तो हात डोळ्याला मुळीच लावू नये. कधी कधी असे फोड नागिणीचेही असतात. ती वेगळी व्याधी आहे, तेथे मंत्र-उताऱ्यात दिवस न घालविता वैद्य-डॉक्टरांकडे जावे. आळ एकावर, कर्ता दुसरा, आणि शिक्षा मात्र तुळशीवरच्या कातिणीस. हा कोठला न्याय?

आता याहून कठीण प्रश्न. मागे एका मुलाने विचारले, “जाळ्यात फुलपाखरू अडकलं तर मी ते सोडवू का?” माळकरी घरातला मुलगा, त्याच्या मनात दया आहे. कातीण साधू नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो. भक्ष्य अडकताच ती धावते, सुताच्या पट्ट्यांनी त्याला गुंडाळते, चावते, त्याचे आतले द्रव करून शोषून घेते. माशा, टोळ, पतंग, प्रसंगी मधमाशीही. या जातीत मीलनानंतर मादी नराला खाऊन टाकते असेही पुष्कळदा घडते. (यावरून कोणी स्त्रीनिंदेचा दृष्टांत काढू नये, हे येथेच सांगून ठेवतो. तसली घाई करणारे पुष्कळ आहेत.) मग अशा जीवावर दया कसली?

पुष्कळ लोक येथे हिशेब मांडतात : ती माशा खाते, पिकावरील कीड खाते, म्हणून उपयोगी, म्हणून मारू नका. खोटे नाही ते. पण हा दुकानदाराचा विचार झाला. उद्या उपयोग नाही असे कोणी दाखविले तर मारायला मोकळे! नाथबाबांनी रामेश्वराला नेण्याच्या कावडीतले गंगाजल वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले असे सांगतात; तेव्हा त्या गाढवाचा उपयोग काय, असे त्यांनी विचारल्याचे कोणी सांगत नाही. आणि पापपुण्य म्हणाल, तर ते निवड करणाऱ्याला. मनुष्याला भाकरी खाता येते, म्हणून मांसाचा विचार त्याने करायचा. कातिणीला भाकरी खाता येत नाही. तिची योनी भोगयोनी. तिला आपल्या माळेचे नियम लावू नयेत आणि तिच्या वागण्याचा दाखला देऊन आपले नियम सोडूही नयेत.

त्या मुलाला आम्ही शिबिराजाची गोष्ट सांगितली. कबुतर शरण आले, मागून ससाणा आला आणि म्हणाला, “हे माझे अन्न आहे. याला वाचवून तू मला उपाशी मारतोस.” राजाने ससाण्याला पापी म्हटले नाही, हाकलून दिले नाही. त्याचा हक्क मान्य केला आणि आपल्या मांडीचे मांस तागडीत घातले. “तेवढी तयारी असेल तर फुलपाखरू सोडव,” आम्ही म्हणालो. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “नुसतं बघितलं तर चालेल ना?” चालेल बाबा, चालेल. पण हातभर अंतरावरून, आणि फुंकर न मारता.

काही घरांत वेगळीच अडचण असते : देवापाशी जाळे म्हणजे अपवित्र. येथे थोडा विवेक करावा. घराच्या कोपऱ्यात, माळ्याखाली धूळ धरून लोंबते ते जळमट. ते अवश्य काढावे. बाहेर झुडपात रोज नवे होणारे जाळे म्हणजे जळमट नव्हे. आणि आंध्रातील श्रीकालहस्ती क्षेत्राची कथा तर अशी की एका कोळ्याने शिवलिंगावर जाळ्याचे छत्र विणून सेवा केली. क्षेत्राच्या नावातील ‘श्री’ म्हणजे तोच कोळी, ‘काल’ म्हणजे सर्प आणि ‘हस्ती’ म्हणजे हत्ती, असे तिकडचे भाविक सांगतात. ज्या देवाला जाळ्याचे छत्र चालले त्याला तुळशीशेजारचे जाळे विटाळते, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता रोजच्या व्यवहाराचे. तुळशीला पाणी घालताना ते मुळाशी घालावे; वरून ओतले तर जाळे मोडते आणि मुळांचेही भागत नाही. जाळे प्रदक्षिणेच्या वाटेवरच आडवे आले असेल तर केरसुणी उचलू नये. एक काडी घेऊन कातीण बसली असेल त्याच्या खाली वाटी धरावी, काडीने हलकेच स्पर्श करावा. ती आपण होऊन वाटीत उतरेल. मग शेजारच्या जास्वंदीवर नेऊन सोडावी. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे नवे चाक तेथे तयार होईल. औषध फवारायचे असेल तर देवाला वाहायच्या तुळशीवर मुळीच फवारू नये. ते पान आपल्याही तोंडात तीर्थातून जाते.

कार्तिकाच्या सुमारास ती दिसेनाशी झाली तर शोधू नये. तिचे आयुष्यच तेवढे. त्याआधी तिने जवळच्या फांद्यांत सुताची एक बारीक पिशवी टांगून ठेवलेली असते, आणि तीत शेकडो अंडी असतात. पुढे पिल्ले निघतात, मोहरीच्या दाण्याहून लहान. ती फांदीच्या शेंड्यावर चढतात, प्रत्येक जण एक धागा वाऱ्यावर सोडते आणि त्या धाग्याबरोबर उडून जाते. तेव्हा तुळशीच्या लग्नाला वृंदावन सारवताना, ऊस बांधताना, चिंचा-आवळे ठेवताना एकदा फांद्यांत नीट पाहून घ्यावे. पिशवी दिसली तर ती फांदी छाटू नये, आणि ऊस दुसऱ्या बाजूला बांधावा.